जुन्या रूपाची छोटी विजेची गाडी मुंबईला हवी आहे, पण जुन्या गुणांसकट

दादर पश्चिमेला आमची जी इमारत आहे, ती सत्तरच्या दशकातली. तळमजल्यावर खांबांच्या मधे गाड्या उभ्या राहतात आणि त्यातली एक जागा आमची आहे. गेल्या रविवारी मी मोजपट्टी घेऊन खाली उतरलो आणि दोन खांबांमधले अंतर मोजले. ते २ मीटर ३५ सेंटिमीटर भरले. बाबा १९७९पासून जवळजवळ वीस वर्षे याच जागेत प्रीमियर पद्मिनी लावत असत आणि आजीसुद्धा कोणाचा हात न धरता गाडीतून उतरत असे. आज त्याच जागेत आमची पेट्रोलची गाडी लावली की दार अर्धेच उघडते, अंग चोरून बाहेर पडावे लागते आणि ८१ वर्षांच्या बाबांना आधी फाटकापाशी उतरवूनच गाडी आत घ्यावी लागते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या त्या पद्मिनीची रुंदी सुमारे १.४६ मीटर होती. हल्लीच्या बहुतेक हॅचबॅक १.६५ ते १.७५ मीटर रुंद असतात. इमारत तीच, खांब तेच, गल्ली तीच, आणि गाड्या मात्र पिढीगणिक फुगत गेल्या आहेत.

आमची गाडी आता बदलायची आहे आणि पुढची विजेवर चालणारी घ्यायची हे घरात ठरले आहे. त्यासाठी वाचन करताना युरोपात जुन्या रूपाच्या छोट्या विजेच्या गाड्यांची जी लाट आली आहे, तिच्याकडे मी मनापासून ओढला गेलो. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाडीबद्दल आधी सांगतो. रेनोने १९७२ साली आणलेली ‘५’ नावाची छोटी गाडी २०२४ साली विजेच्या अवतारात परत आली. तिच्यात ४० किंवा ५२ किलोवॅट-तासांची बॅटरी मिळते (एक किलोवॅट-तास म्हणजे विजेच्या बिलावरचे एक युनिट). मूळ गाडीच्या बोनेटवर जिथे हवा आत जाण्याची जाळी होती, तिथे आता बॅटरी किती भरली आहे ते दाखवणारा दिवा बसवला आहे, आणि जुन्या खुणेला नवे काम देण्याची ही कल्पना मला फार आवडली. तिची लांबी ३.९२ मीटर आहे, म्हणजे आमच्या पद्मिनीइतकीच. पण रुंदी सुमारे १.७७ मीटर! आमच्या खांबांमध्ये ती आजच्या गाडीइतकीच अवघडून उभी राहील.

माझा मुद्दा इथेच सुरू होतो. जुन्या गाडीचा चेहरा परत आणणे सोपे आहे. गोल दिवे, क्रोमची पट्टी, दोन रंगांचे छत एवढे केले की लोकांच्या आठवणी जाग्या होतात. पण त्या गाड्या शहरात उपयोगी पडत होत्या त्या अरुंद अंगामुळे, मोठ्या काचांमुळे, ताठ बसता येणाऱ्या उंच आसनांमुळे आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला दुरुस्त करता येईल अशा साध्या बांधणीमुळे. जुने रूप हवे असेल तर हे गुणही यायला हवेत, आणि ते मध्यमवर्गीय घराला परवडणाऱ्या किमतीत यायला हवेत. नाहीतर जुनेपणा ही श्रीमंतांच्या हौसेची वस्तू होऊन बसते. होंडाने २०२० साली ‘ई’ नावाची अतिशय देखणी छोटी गाडी युरोपात आणली होती. तिची बॅटरी ३५.५ किलोवॅट-तासांची होती आणि त्या किमतीत एका चार्जिंगमध्ये अधिक अंतर जाणाऱ्या, म्हणजे अधिक पल्ल्याच्या गाड्या सहज मिळत होत्या. कौतुक सगळ्यांनी केले, विकत थोड्यांनीच घेतली, आणि २०२४ साली ती बंद झाली.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मला अधिक शिकवून गेले. सिट्रोएनची ‘अमी’ ही दोन माणसांची विजेची छोटी गाडी २०२० साली आली. खर्च कमी करण्यासाठी तिची डावी आणि उजवी दारे अगदी एकसारखी केली आहेत. त्यामुळे एक दार पुढच्या बाजूने उघडते तर दुसरे मागच्या बाजूने. पुढचे आणि मागचे भागही बरेचसे सारखेच. याच सांगाड्यावर फियाटने २०२३ साली ‘टोपोलिनो’ आणली, तिला आपल्या जुन्या गाडीचे नाव दिले आणि गोल डोळ्यांचा जुना चेहरा बसवला. तिची बॅटरी ५.४ किलोवॅट-तासांची, पल्ला ७५ किलोमीटर आणि वेग ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मर्यादित. इतका कमी वेग आपल्या पूर्व मुक्त मार्गावर चालणार नाही आणि दोन आसनांत आमचे घर मावणार नाही, हे मला मान्य आहे. पण जुने रूप देण्यासाठी फारसा खर्च येत नाही, हे या जोडीने दाखवून दिले. गाडी महाग होते ती बॅटरीच्या आकारामुळे आणि भारंभार सामानामुळे.

बॅटरी लहान ठेवणे मुंबईत का शक्य आहे, हे जरा सविस्तर लिहितो, कारण ‘पल्ला किती’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. महामार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाताना बॅटरीतली बरीच शक्ती हवा कापण्यात खर्च होते, म्हणून लांब पल्ल्याच्या विजेच्या गाड्यांना थेंबासारखा गुळगुळीत आकार द्यावा लागतो. दादरहून अंधेरीला जाताना आपण ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने सरकत असतो. त्या वेगाला उभी काच आणि चौकोनी छत यांनी फारसे बिघडत नाही. सिग्नलला इंजिन निरर्थक जळत राहत नाही, आणि ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत टाकते. आपल्याकडची जी थांबत-थांबत चालणारी वाहतूक पेट्रोलच्या गाडीला सर्वांत जाचक असते, तीच विजेच्या गाडीला सोयीची पडते. एसी मात्र सतत वीज खातो, तेवढा खर्च धरायलाच हवा.

माझी मावसबहीण मुलुंडला राहते आणि तिच्याकडे एमजी कंपनीची विजेची ‘कॉमेट’ आहे. २०२३ साली ही गाडी ७.९८ लाख रुपयांना बाजारात आली. लांबी तीन मीटरपेक्षा किंचित कमी, रुंदी सुमारे दीड मीटर आणि बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची, म्हणजे विजेच्या बिलावरची साधारण १७ युनिटे आणि वर थोडी गळती. ताई रोज पवईला जाऊन-येऊन करते आणि तीन-चार दिवसांनी एकदा रात्री १५ अँपियरच्या साध्या सॉकेटवर गाडी लावते. एका शनिवारी ती बाबांना घेऊन शिवाजी पार्कला फेरी मारून आली. पुढे बसल्यावर बाबा खूश होते; उंच बसता येते, समोरची काच मोठी आहे, लहानशा जागेत गाडी वळते. नंतर त्यांनी मागे बसून पाहायचे ठरवले आणि तिथे अडले. गाडीला दोनच दारे आहेत, पुढचे आसन सरकवून मागे शिरावे लागते, आणि ते त्यांच्या गुडघ्यांना जमले नाही. पद्मिनीला चार दारे होती. चाकांचेही तसेच. कॉमेटची चाके १२ इंची आहेत, पद्मिनीची १४ इंची होती, आणि जुलै महिन्यात पेव्हर ब्लॉक उखडलेल्या रस्त्यावरून जाताना या दोन इंचांचा फरक कंबरेला कळतो.

पावसाचा विषय निघालाच आहे तर दादरजवळच्या, पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता चौकाबद्दल लिहितो, कारण आमच्या भागात गाडी घेणारा प्रत्येक जण तिथल्या पाण्याचा विचार करतो. पेट्रोलच्या इंजिनाला हवा आत ओढावी लागते आणि त्या वाटेने पाणी शिरले की इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. विजेच्या मोटरला अशी वाट नसते आणि बॅटरीची पेटी पाणी आत जाणार नाही अशी बंद केलेली असते. म्हणून तुंबलेल्या पाण्यात मुद्दाम गाडी घालावी असे मी कोणाला सांगणार नाही. पण पावसाळ्यामुळे विजेची गाडी नको, ही भीती अकारण आहे.

सरकारी धोरणाचा भाग संमिश्र आहे. विजेच्या गाड्यांवर जीएसटी ५ टक्के आहे. लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर सप्टेंबर २०२५मध्ये २८वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे किमतीतले अंतर परत वाढले. मुंबई आणि नवी मुंबई जोडणाऱ्या अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना ऑगस्ट २०२५पासून टोलमाफी मिळाली, हे चांगलेच झाले, पण दादरहून परळला जाणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग? लहान, अरुंद गाडी शहराची जागा कमी व्यापते. त्या गुणाला पार्किंगच्या शुल्कात सवलत मिळाली तर गाड्या बनवणाऱ्यांनाही अरुंद गाडी करण्याचे कारण मिळेल. जुन्या गाडीचे रुंदीचे माप जसेच्या तसे परत आणणे अवघड आहे, हे मी जाणतो. बाजूने धक्का बसला तर प्रवासी वाचावा म्हणून आजची दारे जाड असतात, आणि पद्मिनीत एअरबॅग नव्हत्या. पण दीड मीटरमध्ये आजचे नियम पाळून गाडी करता येते, हे कॉमेटने आपल्याच रस्त्यांवर दाखवले आहे.

कोणी विचारील की लोकल आणि मेट्रोच्या शहरात नव्या गाडीचा एवढा विचार कशाला करायचा. मी स्वतः रोज लोकलने कामाला जातो आणि जाणार आहे. गाडी लागते ती बाबांना डॉक्टरांकडे न्यायला, आईला गुडघ्याच्या व्यायामाला सोडायला आणि रात्री-अपरात्री. आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर होतात. एवढ्यासाठी पाचशे किलोमीटर पल्ल्याची, दीड टन वजनाची गाडी खांबांमध्ये कोंबून ठेवणे मला पटत नाही.

जुन्या नावाला आपल्याकडे लोक प्रतिसाद देतात, याचाही पुरावा समोर आहे. १९७२ सालचा बजाज चेतक जानेवारी २०२०मध्ये विजेवर परत आला, पत्र्याचे अंग आणि गोल दिवा घेऊन. सुरुवातीला तो महाग वाटला. पुढे कंपनीने स्वस्त आवृत्त्या आणल्या आणि आज आमच्या गल्लीतच चार-पाच चेतक उभे दिसतात. आपल्याकडे छोट्या चारचाकीत हे कोणी केलेले नाही. रेनोने नोव्हेंबर २०२५मध्ये दाखवलेली विजेची ‘ट्विंगो’ या दिशेने बरीच पुढे आली आहे. पाच दारे, २७.५ किलोवॅट-तासांची, लोह-फॉस्फेट या स्वस्त प्रकारची बॅटरी आणि किंमत २०,००० युरोंच्या आत. पण ती आपल्या पैशांत वीस लाखांच्या आसपास जाते. आम्हाला निम्म्याहून कमी किमतीत, चार दारांची, १४ इंची चाकांची, दीड मीटर रुंद गाडी हवी आहे, जिचा बंपर घासला तर अख्खा पुढचा भाग न बदलता तेवढाच तुकडा बदलता येईल.

तोवर एक काम हाती घेतले आहे. आमच्या जागेमागच्या भिंतीवर वेगळ्या मीटरसह चार्जिंगचे सॉकेट बसवण्यासाठी मी सोसायटीकडे अकरा महिन्यांपूर्वी अर्ज दिला होता आणि आगीच्या भीतीने तो तसाच पडून राहिला. या महिन्याच्या सभेत तो पुन्हा मांडणार आहे. वायरिंगचा आराखडा परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतला आहे, आणि खांबांचे मापही त्याच कागदावर लिहून ठेवले आहे.