फक्त इंजिन बदलायचंय

"गिअरबॉक्स मूळचाच ठेवू, फक्त इंजिन बदलू." जुन्या ट्रकच्या मालकाने हे वाक्य उच्चारलं की माझं लक्ष त्यातल्या "फक्त"वर जातं. "जरा जाऊन येतो" मधला "जरा" संध्याकाळ खातो. हा "फक्त" सहज एक वर्ष खातो.

उदाहरणादाखल 1950 ची अर्ध्या टनाची शेवरोले घ्या. पुढे सहा सिलिंडरचं 216 घनइंची इंजिन, अश्वशक्ती नव्वदच्या आसपास. मागे चार गिअरचा एसएम 420 गिअरबॉक्स. आता या गिअरबॉक्सपुढे 1999 नंतरचं 5.3 लिटरचं व्ही-8 बसवायचंय, म्हणजे अश्वशक्ती 270 च्या वर. दोन्ही एकाच कंपनीची, तेव्हा जुळणारच, असा आपला हिशेब. खरी मेख अशी की बरंचसं जुळतंच. मुळीच न जुळणारी वस्तू माणूस मुकाट्याने परत ठेवतो. एका बोटाने चुकणारी वस्तू मात्र त्याला रात्रभर जागवते.

हे बोट म्हणजे 10 मिलिमीटर. नव्या इंजिनात क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचं, मागचं तोंड जुन्या व्ही-8 च्या मानाने तेवढं आत आहे (1999-2000 ची काही 6 लिटरची इंजिनं सोडून). परिणामी त्यावर बसणारं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील पुढे, त्यामागून क्लच पुढे, आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मागेच. शाफ्टचं टोक क्रँकच्या तोंडातल्या पायलट बुशात शिरायला हवं, ते दारातच थबकतं. त्यासाठी लांब पायलट बुश मिळतो. दुसरा उपाय, क्रँक आणि फ्लायव्हीलच्या मध्ये 10 मिलिमीटरची चकती, म्हणजे स्पेसर, आणि लांब बोल्ट. पण स्पेसर घातला की फ्लायव्हीलच्या कडेचा दातेरी रिंग गिअरही मागे सरकतो, आणि ब्लॉकवर बसलेल्या स्टार्टरचे दात हवेत फिरतात. म्हणून मी लांब बुशाच्या बाजूचा. मात्र त्यात क्लच पुढेच राहतो, तेव्हा पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांपर्यंत पोचतं का, हे आधी मोजावं. अंदाजाने जोडलं, तर शेवटचा बोल्ट आवळल्यावर उत्तर मिळतं आणि ते नकारार्थी असतं.

क्लच प्लेटचं मधलं भोक दहा खाचांचं, सव्वा इंच व्यासाचं नव्हे, एक अष्टमांश कमी, म्हणजे 1⅛ इंचाचं. अंगणात बसून "साधारण सारखीच दिसते" म्हणणाऱ्याला मी गिअरबॉक्स उचलायला लावतो. एसएम 420 उचलला की माणसाची नजर एकदम अचूक होते.

आता बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लचवरचं कवच. सहा सिलिंडरवालं हाउसिंग व्ही-8 ला लागत नाही, ते काढावं लागतं. पण ते नुसतं झाकण नव्हतं. या ट्रकांत इंजिनाची मागची दोन्ही फाउंडेशन, म्हणजे चासीवरचे आधार, हाउसिंगच्या कानांवर असतात आणि गिअरबॉक्स त्यामागे लोंबकळत राहतो. बिनकानाचं हाउसिंग लावलं, तर सगळा डोलारा पुढच्या फाउंडेशनवर. 1955 ते 1959 च्या व्ही-8 ट्रकांचं कानवालं हाउसिंग त्यासाठीच शोधतात. नव्या ब्लॉकवर त्याचं एक भोक गायब असतं. बाकी पाच बोल्टांवर निभावतं.

हाउसिंग लागलं म्हणून नाचू नये. मधलं भोक क्रँकच्या केंद्राशी जुळतं का, हे बघायला फ्लायव्हीलवर डायल गेज (काट्याचं मापक) चिकटवून हाउसिंगच्या त्या भोकाभोवती फिरवायचा. काटा 0.005 इंचाहून जास्त हलला, की हाउसिंग किंचित सरकवणाऱ्या ऑफसेट डॉवेल पिना घालायच्या, त्या 0.007, 0.014 आणि 0.021 इंचाच्या मिळतात. काटा जितका हलला त्याच्या निम्मी पिन. ही पायरी सगळे टाळतात आणि पुढे गिअर आपोआप निसटायला लागला की ऑइलला दोष देतात.

आणि एक. गिअरबॉक्स हाताने ढकलून हाउसिंगला टेकला पाहिजे. फट राहिली, तर बोल्टने ओढून मिटवू नये. तेव्हा शाफ्टचं टोक बुशाच्या बुडाला टेकलेलं असतं, आणि तुम्ही आवळता ते क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग.

अर्ध्या टनाच्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट नळीत बंद असतो आणि ट्रक पुढे ढकलायचं काम ही नळीच करते. तिची लांबी ठरलेली, तेव्हा गिअरबॉक्स तसूभरही सरकत नाही. सरकायचं ते बाकीच्यांनी. ऑइल चेंबर क्रॉस मेंबरवर टेकतो, तो बदला. एक्झॉस्ट स्टिअरिंगला भिडतो, तो वळवा. रेडिएटर पुढे न्या. सत्तरीचा गिअरबॉक्स जागचा हलत नाही आणि अख्खं घर त्याच्याभोवती उठून बसतं.

वायरिंगवर फार बोलत नाही, रक्तदाब वाढतो. गाडी 6 व्होल्टची, इंजिनाचा संगणक 12 चा. तेव्हा बल्बही बदला. चोरीविरोधी कुलूप संगणकातून काढून टाका, नाहीतर इंजिन तुम्हालाच चोर समजतं. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब 5-6 पीएसआय, इंजेक्शनला लागतो 58. शिवाय टाकी सीटमागे, केबिनमध्ये. म्हणून नळ्या आणि क्लिपा उच्च दाबाच्याच घ्या. संगणकाला गाडीचा वेगही कळवावा लागतो, नाहीतर क्लच दाबल्यावर इंजिन बंद पडतं. जुन्या गिअरबॉक्सला त्यासाठी सेन्सर नाही, केबल आहे; तिच्या मध्ये पल्स देणारा तुकडा जोडतात. स्पीडोमीटर मात्र त्याच केबलवर पहिल्यासारखा चालतो. गिअरबॉक्स सोडला, तर सगळ्या खटाटोपात न बदलता चालणारी जवळपास हीच एक वस्तू.

मग चालवायला बसा. पहिला गिअर 7.05, डिफरन्शियल 4.11, गुणाकार जवळपास 29. व्ही-8 चं 440 न्यूटन मीटर इतक्या पटीने मागच्या ॲक्सलवर पडतं, आणि तो ॲक्सल नव्वद अश्वशक्तीच्या हिशेबाचा. म्हणून पहिल्यात जोर देऊ नये. द्यायचा म्हटला तरी मिळतं काय? 28 इंची चाकांवर, इंजिनाच्या मिनिटाला 3,000 फेऱ्यांना, ताशी 14 किलोमीटर. इंजिन गर्जना करतंय, स्टिअरिंग थरथरतंय, आणि शेजारून सायकलवाला घंटी वाजवून पुढे जातो.

दुसऱ्यात उचला.