पोषण आहार म्हणजे फुकट वाटप नाही

तुमच्या लेखात शालेय पोषण आहाराला, म्हणजे शाळेत पोरांना मिळणाऱ्या जेवणाला, फुकट वाटप म्हटलंय ते अजिबात पटलं नाही. १९९५ ला केंद्राने योजना आणली तेव्हा बऱ्याच राज्यांत पोरांना महिन्याला ३ किलो धान्य घरी न्यायला मिळायचं, ते घरच्या डब्यात जायचं, पोराच्या ताटात किती पडलं देव जाणे, मग २००१ ला सुप्रीम कोर्टाने शिजवूनच द्या असं सांगितलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तमिळनाडूने तर १९८२ लाच मुख्यमंत्री एमजीआरच्या (एम. जी. रामचंद्रन) काळात मोठ्या प्रमाणावर सुरू केलं होतं आणि २०२२ पासून सकाळचा नाश्तापण देतायत, आणि आपण इथे महाराष्ट्रात अंड्यावर अडलोय! २०२३ ला आठवड्याला एक अंडं सुरू केलं अन २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे बंद केले, हवं तर लोकसहभागातून द्या म्हणे. ज्या गावात निम्मे लोक ऊसतोडीला गेलेत तिथे वर्गणी मागायची कुणाकडे?

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत सोमवारी खिचडी जास्त टाकावी लागते, रविवारी सुट्टी असते ना. खिचडी करणाऱ्या मावशी न सांगता दोन वाट्या तांदूळ वाढवतात, बारकी पोरं तिसऱ्यांदा ताट घेऊन येतात त्यांना परत पाठवत नाहीत. अशा मावश्यांच्या मानधनात केंद्राचा हिशोब २००९ पासून महिना १००० रुपयेच धरलाय, तोही वर्षातले १० महिने. फुकट कोण खातंय ते आधी बघा, मग लिहा.