डेअरीच्या भिंतीवरचा फळा

"आता कोण वाचतंय हो?" हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी तीनदा ऐकलं. एकदा कविता लिहिणाऱ्या मैत्रिणीकडून, एकदा एका निवृत्त गुरुजींकडून आणि एकदा आमच्याच वाचनालयाच्या बैठकीत. तिघंही भरपूर वाचणारी माणसं, आणि तिघांनाही मनापासून वाईट वाटत होतं. पण मला हे वाक्य पटत नाही. का पटत नाही ते आज सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात एका गावात मी 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय सांभाळते. सरकारी वर्गवारीत अ, ब, क, ड असे वर्ग असतात, त्यातला हा सगळ्यात धाकटा. दोन खोल्या, चार कपाटं, एक लांब टेबल आणि त्यावर वर्तमानपत्रं. व्हरांड्यात एक फळा होता. त्या फळ्यावर मी सात-आठ वर्षं रोज सुविचार लिहिला. रंगीत खडू, वळणदार अक्षर, खाली वेलबुट्टी. मग एकदा टायफॉइडनं आजारी पडले आणि पंधरा दिवस तोच सुविचार फळ्यावर राहिला. बरी होऊन आले तेव्हा 'फळा का बदलला नाही' असं एकाही माणसानं विचारलं नाही. घरी जाताना मला रडू आलं. त्या दिवशी मीही तेच म्हटलं होतं, आता कोण वाचतंय.

२०२२ च्या पावसाळ्यात जनावरांमध्ये लम्पी, म्हणजे अंगावर गाठी येणारा साथीचा रोग, आला. आमच्याकडे घरटी एकतरी गाय-म्हैस आहे, त्यामुळे गावावर अवकळा आली. त्यात मोबाइलवर काहीबाही फिरायला लागलं. दूध पिऊ नका, माणसालाही गाठी येतात, असलं. लोकांनी पोरांचं दूध बंद केलं. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना नीट विचारलं, वहीत लिहून घेतलं, आणि फळा वाचनालयातून उचलून दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लावला. सचिवांनी लगेच परवानगी दिली. सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा, रोज दोन वेळा तिथं रांग लागते. हातात किटली नाहीतर कॅन, पुढं सात-आठ माणसं, दुधातली फॅट मोजून होईपर्यंत करायला काही नाही. माणूस उभा असतो आणि डोळे मोकळे असतात.

पहिल्या दिवशी मी एवढंच लिहिलं : 'लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही. रोग पसरतो तो माश्या, डास आणि गोचिडांमुळं. गोठा कोरडा ठेवा. आजारी जनावर वेगळं बांधा.' पांढऱ्या खडूनं, चार-चार बोटं उंचीची अक्षरं. वेलबुट्टी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी रांगेतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ताई, ती लस शेळीची हाय म्हणं. गाईला कशी चालती?" प्रश्न अगदी खरा होता. तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीवरचीच लस टोचत होते, कारण दोन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळातले आहेत. तिसऱ्या दिवशी मी वर आजींचा प्रश्न लिहिला आणि खाली उत्तर. त्या सकाळी पहिल्यांदा रांग फळ्यापाशी अडली. आपल्यातल्या कुणीतरी विचारलेलं भिंतीवर आलंय, हे लोकांना दिसलं. सात वर्षं मी गावाला सांगत होते, आणि गावानं मला काय विचारलंय याकडे माझं लक्षच नव्हतं.

दुधाच्या पावडरीचा एक रिकामा डबा फळ्याखाली टांगला. ज्याला जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून टाकावं. लिहिता येत नसेल तर डेअरीवरच्या पोराला सांगावं, तो लिहून टाकतो. आज फळ्यावर जे येतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्या डब्यातून येतं.

एक चूक इथं सांगायलाच हवी. लसीकरण शिबिर गुरुवारी होतं आणि मी बुधवार लिहिलं. मळ्यात राहणाऱ्या एक बाई त्या दिवसाचा रोज बुडवून दोन जनावरं हाकत दवाखान्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. संध्याकाळी फळ्यापुढं उभ्या राहून मला एवढंच म्हणाल्या, "बुधवार लिवलंवतं तुम्ही." मी त्यांचे हात धरले. मग सगळा फळा पुसून वर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'काल माझी चूक झाली. शिबिर उद्या, गुरुवारी आहे. ज्यांना हेलपाटा पडला त्यांची मी माफी मागते.' शिबिर उरकल्यावरही ती माफी मी आणखी दोन दिवस पुसली नाही. त्यानंतर लोक माझ्यापाशी येऊन मोबाइलवरचा मजकूर दाखवायला लागले, "ताई, हे खरं हाय का बघा." आधी कधीच असं कुणी विचारलं नव्हतं. त्या बाईंची जनावरं दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्याबरोबर घेऊन गेले.

सामान्य वाचकाला सोपं आणि थोडकंच लागतं, असं शहाणी माणसं सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. २०२४-२५ चा गळीत हंगाम सुरू झाला तेव्हा डब्यात एकाच आठवड्यात एफआरपीवर, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायच्या सरकारनं ठरवलेल्या किमान दरावर, नऊ चिठ्ठ्या आल्या. शब्द सगळ्यांच्या तोंडात, पण हिशेब कुणाला नीट सांगता येईना. मी सहा दिवस एकच विषय चालवला. पहिल्या दिवशी : टनाला ३४०० रुपये, पण ते १०.२५ टक्के उतारा धरून. दुसऱ्या दिवशी : उतारा म्हणजे काय, तर १०० किलो उसातून किती किलो साखर निघाली ते. तिसऱ्या दिवशी : तोडणी-वाहतूक यातून वजा होते, म्हणून हातात येणारा आकडा कमी दिसतो. चौथ्या दिवशी : ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात नियम आहे, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. उरलेले दोन दिवस गावातल्या एकाच्या बिलाचा हिशेब नाव न घालता मांडला. चौथ्या दिवशीच्या फळ्याचा लोकांनी मोबाइलवर फोटो काढला. एका काकांनी तो मजकूर दूध-पुस्तकाच्या मागच्या पानावर पेनानं उतरवून घेतला, एकेक अक्षर बघून, किटली दोन पायांच्या मध्ये धरून. किचकट विषय, आकडेमोड, आणि सहा दिवस एकही दिवस न चुकता वाचला गेला. माझ्या मते लोक दमतात ते नुसत्या उपदेशाला.

भाषेचं म्हणाल तर मी एकच करते. लिहायचा मजकूर आदल्या रात्री सासूबाईंना वाचून दाखवते. त्यांची शाळा चौथीपर्यंतच झालेली. त्या जिथं "म्हंजे?" विचारतात तो शब्द मी बदलते. ही रीत माझी नव्हे. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला, तेव्हा जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी तो लोकांसमोर जाहीर वाचून दाखवला होता. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्या कानावर आधी घातलं. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा तरी करून बघावं असं मला कळकळीनं वाटतं. आपण लिहितो आणि आपल्यासारख्याच चौघांना दाखवतो. ते चौघं छान म्हणतात. मग पाचवा का येत नाही म्हणून आपण खिन्न होतो.

आणि खेड्यात बसून कोण वाचणार, हेही मला सांगू नका. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सोमठाण्यासारख्या खेड्यात 'दीनमित्र' सुरू केलं, पुढं ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघत राहिलं, आणि १९६७ पर्यंत चाललं. रस्ते नीट नाहीत, वीज नाही, आणि ज्यांच्यासाठी काढायचं त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही, अशा काळात ते साप्ताहिक उभं राहिलं. गावात एकजण वाचणार आणि बाकीचे भोवती बसून ऐकणार, तेही वाचकच की.

रविवारचं थोडं वेगळं आहे. रविवारी मी गोष्ट लिहिते, खरी, आणि आमच्याच मुलखातली. पहिली गोष्ट सहा रविवार चालली. किर्लोस्करवाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण आताच्या पोरांना ते फक्त स्टेशनचं नाव वाटतं. म्हणून तिथून सुरुवात केली. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला, तेव्हा तिथं निवडुंग आणि साप. लोखंडी नांगर तयार झाले, पण शेतकरी घेईनात. लोखंड लागलं की जमिनीत विष उतरतं, अशी भीती. पहिल्या रविवारी मी तिथंच थांबले. सोमवारी सकाळी तिघांनी विचारलं, "मग घेतला का न्हाई कुणी नांगर?" तेव्हापासून गोष्ट अधेमधेच थांबवायची सवय मी ठेवली आहे.

त्याच गोष्टीत पुढं 'किर्लोस्कर खबर' आलं, आणि तो भाग लिहिताना माझा हात जास्त रेंगाळला. शंकरराव किर्लोस्करांनी ते १९२० मध्ये सुरू केलं, ते कारखान्याच्या माणसांसाठी आणि गिऱ्हाइकांसाठी. म्हणजे वाचक कोण, तर नांगर घेणारा आणि नांगर घडवणारा. तिथून ते घराघरात गेलं आणि मराठीतलं एक मोठं मासिक झालं. पुढं १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' त्याच वाडीतून निघाली. पुण्या-मुंबईपासून लांब, एका कारखान्याच्या वसाहतीतून. माझ्या घरापासून दुचाकीवर जाता येईल एवढ्या अंतरावर हे घडलं, आणि आम्ही मात्र वाचक नाही म्हणून बैठका घेतो.

पावसाळ्यात रोज कोयना धरणात किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट, हे दोन आकडे वरच्या कोपऱ्यात असतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. त्या दोन आकड्यांसाठी फळ्याकडे वळलेली नजर बाकीचंही वाचून जाते. वाचनालयात काय बदललं, असं तुम्ही विचाराल. वर्तमानपत्रांच्या टेबलावर पूर्वी फक्त पुरुष बसायचे. आता दूध घालून परत जाणाऱ्या बायका दहा मिनिटं टेकतात, किटली दाराशी ठेवून. दिवाळी अंकांसाठी नावं लिहायची वही असते, त्यात यंदा पहिल्यांदा सहा बायकांची नावं माझ्या नावाच्या आधी होती. मी माझा नंबर आनंदानं मागं घेतला.

नांगराच्या गोष्टीच्या शेवटच्या रविवारी एक आजोबा फळ्यापाशी बराच वेळ उभे होते. त्यांच्या आज्यानं तसला नांगर घेतला होता म्हणाले, आणि त्याचा एक तुकडा अजून गोठ्यात आहे. "ह्ये बी लिवा की." काल संध्याकाळी मी वही घेऊन त्यांच्या अंगणात बसले. त्यांनी सगळं सांगितलं, नांगर बैलगाडीतून कसा आणला, पहिल्या दिवशी निम्मं गाव बांधावर कसं उभं होतं, आजी कशी चिडली होती. मी लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवायला लागले. 'आज्यानं नांगराचा दांडा धरला' इथं त्यांनी मला हातानं थांबवलं.

"दांडा न्हवं ताई. रुमणं."

मी दांडा खोडून रुमणं लिहिलं. रविवारी सकाळी साडेसहाला फळ्यावर येईल.