बीटा-१ वाईट, बीटा-३ चांगलं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

टीजीएफ-बीटा हे जखम भरताना पेशींना संदेश देणारं प्रथिन, आणि बीटा-१, बीटा-२, बीटा-३ ही त्याची तीन रूपं. त्याबद्दल मी व्रणांवर लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "टीजीएफ-बीटाच्या तिन्ही भावंडांची रंकाळ्यावरच्यासारखी भेळ केली आहे. बीटा-१ व्रण करतं, बीटा-३ मिटवतं, हे जुनं झालं. मुळात तिन्ही एकच काम करतात. रक्तातल्या बीटा-१ च्या आकड्याचं तर बोलूच नये. गुऱ्हाळात भाजलेल्या माणसाला याचा उपयोग काय?"

पहिला मुद्दा मान्य. सोपं करण्याच्या नादात मी चुकीचं लिहिलं, लेखात दुरुस्ती केली आहे. त्या समजुतीचं मूळ १९९५ च्या उंदरांवरच्या प्रयोगात आहे. संशोधक मार्क फर्ग्युसन यांच्या गटाने जखमेत बीटा-१ आणि बीटा-२ प्रतिपिंडांनी अडवले, किंवा बाहेरून बीटा-३ दिलं, तर व्रण कमी आला. त्यातून अ‍ॅव्होटर्मिन हे औषध निघालं : जखमेच्या कडेने दर सेंटीमीटरला १०० मायक्रोलिटर, २४ तासांनी पुन्हा तेवढंच. सुरुवातीच्या चाचण्या चांगल्या गेल्या, २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्यात ते पडलं. पुढे २०२१ मध्ये तर बीटा-२ आणि बीटा-३ हेच फुफ्फुसासारख्या अवयवात फायब्रोसिस (ऊती व्रणासारखी घट्ट होणं) वाढवतात, असा पुरावा आला. मात्र ताज्या कापाचे पहिले २४ तास आणि महिनोन्‌महिने चालणारं फुफ्फुसाचं दुखणं यांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

"तिन्ही एकच" हे तर अजिबात पटत नाही. पेशीच्या दारापासून आत ते जवळपास खरं आहे. तिघांचंही तयार प्रथिन ११२ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांचं, रिसेप्टर (पेशीवरची संदेश घेणारी जागा) तेच. पेशीच्या आत संदेश नेणाऱ्या स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या प्रथिनांवर फॉस्फेट चढतं, ते स्मॅड-४ ला घेऊन केंद्रकात जातात आणि कोलॅजनची जनुकं चालू करतात. (बीटा-२ ला रिसेप्टरवर नीट बसायला बीटाग्लायकन या पेशीवरच्या प्रथिनाची मदत लागते, एवढाच अपवाद.) खरा फरक त्याच्या आधी पडतो. जनुकं १९, १ आणि १४ या वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत आणि त्यांची बटणंही वेगळी. बीटा-१ च्या प्रमोटरमध्ये (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागात) टाटा बॉक्स ही नेहमीची सुरुवातीची खूण नाही, पण एपी-१ या प्रथिन-जोडीला बसायच्या जागा आहेत. इजा झाली की त्या जोडीतली फॉस आणि जून ही प्रथिनं लगेच जागी होतात आणि बीटा-१ चं जनुक चालू करतात. बीटा-१ चा स्वतःचा संदेशही तेच बटण पुन्हा दाबतो, म्हणून ते स्वतःलाच वाढवत नेतं. बीटा-२ आणि बीटा-३ कडे टाटा बॉक्स आणि सायक्लिक एएमपी या पेशीतल्या निरोप्या रेणूला दाद देणारी जागा आहे, त्यामुळे त्यांची वेळ आणि पेशी निराळ्या.

शिवाय कुलूप. तिन्ही रेणू निष्क्रिय वेष्टणात बाहेर पडतात. बीटा-१ आणि बीटा-३ च्या वेष्टणावर आरजीडी ही तीन अमिनो आम्लांची खूण असते. इंटेग्रिन हे पेशीवरचं पकडणारं प्रथिन तिला धरून ओढतं आणि रेणू सुटतो. बीटा-२ वर ती खूण नाही. म्हणजे इंटेग्रिन अडवणारं औषध दिलं तरी बीटा-२ ला त्याचं सोयरसुतक नाही.

रक्ताच्या आकड्याबाबत तुमच्याहून कडक बोलतो. प्लेटलेटमध्ये बीटा-१ ठासून भरलेलं असतं, रक्त गोठताना ते बाहेर सांडतं. सीरममधला (गोठलेल्या रक्तातून वेगळ्या झालेल्या द्रवातला) आकडा त्यामुळे बराचसा प्लेटलेटचाच असतो. प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्ताचा द्रव) घ्या, तोही प्लेटलेट काढून टाकलेला. प्रयोगशाळेत पेशी वाढवतात त्या माध्यमात मोजायचं तर एलायझा या प्रतिपिंडांच्या चाचणीला फक्त सुटा रेणू दिसतो, म्हणून आधी आम्ल : १०० मायक्रोलिटर नमुन्यात १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल २० मायक्रोलिटर, १० मिनिटं थांबा, मग १.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड (०.५ मोलर हेपीस या सामू सांभाळणाऱ्या रसायनासह) २० मायक्रोलिटर. उत्तराला १.४ ने गुणायला विसरू नका. सामू ७.२ ते ७.६ मध्ये आला नाही तर प्रतिपिंड नीट चिकटत नाही. वासराचं सीरम घातलेलं माध्यम वापरलंत तर त्यातलं बीटा-१ ही आम्लाने सुटतं आणि मोजलं जातं, कारण गायीचं आणि माणसाचं तयार बीटा-१ एकसारखंच आहे. विकतचं शुद्ध प्रथिन ४ मिलीमोलर आम्लात, अल्ब्युमिन घालूनच विरघळवा. नाहीतर ते नळीच्या भिंतीला चिकटतं आणि ५ नॅनोग्रॅम दिलं म्हणता तेवढं पेशींपर्यंत पोचतच नाही.

एवढं करूनही हाती येतो तो राधानगरी धरणाचा साठा. कोल्हापुरात पूर कळतो तो पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर. तसं इथे ३० ते ६० मिनिटांनी फॉस्फेट चढलेलं स्मॅड-२ पाहा, आणि २४ तासांनी कोलॅजनचा आरएनए.

आता गुऱ्हाळाचं. काहिलीतल्या उकळत्या रसाने हात भाजला तर बीटा-१ ची तपासणी करून काही मिळत नाही, पैसे वाचवा. जखम भरायला तीन आठवड्यांच्या वर लागले की फुगीर व्रणाचा धोका वाढतो. तिथपर्यंत न थांबता प्लास्टिक सर्जनला दाखवावं. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी दिवसाचे १२ तास तरी, निदान दोन-तीन महिने.