बदकाचा भाव

जुन्या बाजारात जाताना मी माझा सगळ्यात विटका कुर्ता घालते, मंगळसूत्र आत सरकवते आणि मोबाइल पिशवीच्या तळाशी, कांद्यांखाली टाकते. वापरलेले कपडे घ्यायला जायचं तर आपणही थोडं वापरलेलं दिसावं लागतं. त्याहून अवघड काम चेहऱ्याचं. आपल्या चेहऱ्यावर भाव दिसला की समोरच्याचा भाव वाढतो. मला हे सहा वर्षांत थोडंफार जमलंय. नवऱ्याला अजून जमलेलं नाही, आणि त्याची किंमत पुढे सांगतेच.

आमचं गणित साधं आहे. घराचा हप्ता, दोघींची फी, व्हॅनकाका आणि सासूबाईंची औषधं वजा केली की कपड्यांच्या रकान्यात जे उरतं, त्यात मॉलमधल्या फ्रॉकची एक बाही येते. ती डावी घ्यावी की उजवी, एवढंच आपण ठरवायचं. मुलं मात्र वाढायची थांबत नाहीत. बाळ जन्मतं तेव्हा साधारण 50 सेंटीमीटरचं असतं, पहिल्या वाढदिवसाला 75 चं होतं. एका वर्षात दीडपट! नवऱ्याच्या ऑफिसात असा शब्द कुणी ऐकलेला नाही. पुढे हा वेग वर्षाला सहाएक सेंटीमीटरवर येतो, पण तेवढ्यानेही दिवाळीचा फ्रॉक पुढच्या दिवाळीला टॉप होतो आणि त्याच्या पुढच्या दिवाळीला पंखा पुसायचं फडकं.

दुसऱ्याचं उतरलेलं घालायला आपल्याकडे फार नाकं मुरडतात. गंमत म्हणजे जन्मलेल्या बाळाला आमच्याकडे बारशापर्यंत नवं काही घालतच नाहीत. जुनं झबलं, जुन्या साडीचं दुपटं, आत्याच्या मुलाचं टोपरं. जुनं मऊ असतं, लाभतं वगैरे. हा जुन्याचा मान बरोब्बर बारा दिवस टिकतो. तेराव्या दिवसापासून तेच झबलं ‘मेलं कुणाच्या अंगावरचं’ होतं.

बोरन्हाणाचं तर विचारूच नका. संक्रांत ते रथसप्तमी एवढ्या दिवसांत कधीतरी एकदा, तासभर, काळा कपडा अंगावर चढवायचा, हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावर बोरं ओतून घ्यायची, रडायचं आणि संपलं. आमच्या बिल्डिंगमध्ये एकच काळं परकर-पोलकं आहे. आजवर सात मुलींनी त्यात रडून झालंय, आणि दोन मुलांनीही, कारण त्या वर्षी मुलगीच नव्हती. ते कुणाच्या मालकीचं आहे हे आता कुणालाच आठवत नाही. माझ्या मते गृहनिर्माण संस्थेच्या नऊ वर्षांच्या कारभारात एकमताने झालेली गोष्ट ही एवढीच.

तर, जुना बाजार. पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने-पक्कड, रेडिओचे सांगाडे, नाणी, नळाच्या तोट्या आणि मध्ये कपड्यांचे ढीग. मुलींना मी नेत नाही. त्या नको तिथे ‘आई, हाच हवा’ म्हणतात आणि तिथेच पन्नास रुपये जातात. त्यांच्याऐवजी परकराची एक नाडी नेते. नाडीला चार गाठी: दोन थोरलीच्या, दोन धाकटीच्या. खांद्यापासून गुडघा आणि छाती. कपड्यावरचा नंबर कधी खरा मानायचा नाही. एकाचा बावीस दुसऱ्याच्या अठरात जातो. आधी काख बघायची, मग कॉलरची आतली बाजू, मग पँटचे गुडघे. मुलग्यांच्या पँट घ्यायच्याच नाहीत, गुडघे बघून लढाईतून आल्यात असं वाटतं. इलॅस्टिक ओढायचं. परत आलं तर ठीक, नाही आलं तर दहा रुपये कमी. चेन तीनदा वरखाली. आणि हे सगळं ‘मला काही घ्यायचं नाहीये, बस येईपर्यंत वेळ घालवतेय’ अशा चेहऱ्याने.

मागच्या रविवारी अशीच ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभी होते आणि हाताला इरकलीचा काठ लागला.

फ्रॉक. गर्द निळा. छातीवर भरतकामाचं बदक.

हे बदक मी जगात कुठेही ओळखीन. थोरली चार वर्षांची असताना माझ्या आईने तिच्या जुन्या इरकलीचा हा फ्रॉक शिवला होता. सत्यनारायणाच्या पूजेत त्या साडीला उदबत्तीने भोक पडलं होतं. ते नेमकं छातीवर आलं, म्हणून त्यावर बदक. आईचा हात शिवणात सरळ, पण चित्रकलेत नाही. बदक कावळ्याकडे झुकलं. पुढे फ्रॉक आखूड झाला. एक मूल पुरे, असा ठराव आम्ही नुकताच पास केला होता, म्हणून मी तो दोन शर्टांसकट बोहारणीला दिला. ‘पोराचे कपडे कोण घेतं ताई’ म्हणत तिने आणखी एक पँट काढायला लावली आणि मग एक चाळणी हातात ठेवली. दोनच महिन्यांनी धाकटीची चाहूल लागली.

त्याला आता पाच वर्षं झाली. मी श्वास रोखला. चेहरा दगडाचा केला.

“कितीला?”

“दीडशे.”

“याला? रंग बघा किती गेलाय.”

“ताई, एक्सपोर्टचा माल आहे. हे बघा,” त्याने बदकावर बोट ठेवलं, “कंपनीचा लोगो आहे.”

माझ्या आईचं बदक, निर्यातीचं! हसू गिळताना डोळ्यांत पाणी आलं. मी चाळीस म्हटलं. तो शंभरवर आला. मी फ्रॉक ढिगावर टाकून दोन पावलं गेले, तो ऐंशी म्हणाला. तिसरं पाऊल उचललं असतं तर साठवर सौदा पक्का होता. पण तेवढ्यात पिशवी सांभाळत मागून आलेल्या नवऱ्याने फ्रॉक उचलला आणि अख्ख्या मंगळवार पेठेला ऐकू जाईल असा ओरडला, “अगं, हे तर आईंचं बदक!”

दुकानदाराने फ्रॉकची शांतपणे घडी घातली. “घरचाच आहे म्हणता? मग दोनशे.”

एकशेवीसला मिळाला. बसमध्ये मी नवऱ्याशी बोलले नाही. तो मात्र बोटांवर हिशेब करत होता: एकशेवीस रुपये, दोन शर्ट आणि एक पँट, एवढ्याला ती चाळणी पडली. स्वयंपाकघरातलं सगळ्यात महाग भांडं तेच निघालं.

घरी सासूबाईंनी फ्रॉक दोन बोटांत धरला. आमचाच आहे म्हटल्यावर म्हणाल्या, “आपला होता. मधल्या काळात कुणाकुणाचा झाला, काय माहीत.” मी तो उकळत्या पाण्यात बुडवायच्या आधी त्यांनी त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. फ्रॉकची दृष्ट काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला. धाकटी फ्रॉक घालून गिरक्या घेत होती.

“उलटा करून दाखव,” आई म्हणाली. “खाली दोन इंच माया ठेवली होती मी.”

दाखवला. माया कुणीतरी उसवून सोडली होती. तीही संपल्यावर खाली हिरवी पट्टी जोडली होती.

आईने चष्मा पुसला. “टीप बारीक आहे. सरळ आहे. पायमशीन असणार. पट्टी मात्र आडव्या कापडाची लावली, धुतल्यावर ओढेल ती.” मग जरा थांबून, “बदक ठेवलं का तिने?”

मी कॅमेरा जवळ नेला. बदकाचा डोळा आईने दोऱ्याने भरला होता, तो निघून गेला होता. त्या जागी कुणीतरी काळा मणी शिवला होता, आणि त्या एका मण्याने बदक पहिल्यांदा बदकासारखं दिसत होतं.

आई बराच वेळ बघत राहिली.

“मणी मला सुचायला हवा होता,” ती म्हणाली. “चाळणी कशी आहे पण?”

“कड सुटलीय.”

“मग? ठेव काढून. पुढच्या वेळी बोहारणीला दाखव.”