सिस्टर मुद्दाम उठवतात म्हणे!

गेल्या महिन्यात एकच मेसेज माझ्याकडे तीनदा आला. एकदा गल्लीच्या ग्रुपवर, एकदा भिशीच्या, आणि तिसऱ्यांदा थेट नणंदेकडून. मजकूर थोडक्यात असा: पेशंट गप्प पडून राहावा म्हणून सिस्टर गुंगीची इंजेक्शनं देतात, त्यांची सवय लागते, दुखणं सोसलं की जखम लवकर भरते, आणि रात्री पेशंटला मुद्दाम उठवून छळतात. खाली 'आपल्या माणसांना वाचवा, पुढे पाठवा'. सोलापुरातल्या वॉर्डांत नाइट ड्यूटी करण्यात माझी एकवीस वर्षं गेली, म्हणून पुढे पाठवण्याऐवजी उत्तर लिहायला बसले.

गुंगीच्या इंजेक्शनाचं आधी. केसपेपरवर डॉक्टरांची ऑर्डर लागते: औषध कोणतं, किती, किती तासांनी. मॉर्फिन, म्हणजे जबर दुखण्यावरचं औषध, तर कुलपात असतं आणि एकेका कुपीचा हिशोब रजिस्टरात. ते देण्याआधी पेशंट किती जागा आहे, मिनिटाला किती श्वास घेतोय, हे आम्ही मोजतो. दिल्यावर पुन्हा मोजतो. श्वास मंदावलेला दिसला तर ऑर्डर असूनही हात थांबतो आणि डॉक्टरांना फोन जातो. अहो, ओरडणाऱ्या पेशंटचा त्रास होतो हे खरं, पण भीती वाटते ती एकाएकी गप्प झालेल्याची.

आता 'सोसलं की जखम लवकर भरते'. या वाक्यानं माणसं खरोखर आजारी पडतात, म्हणून इथे जरा थांबते.

पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार, पोटाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. विचारलं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? "काय नाय सिस्टर, बरं हाय." पण खोकला आला की दोन्ही हातांनी पोट धरून श्वासच अडवायचा. कपाळावर घाम, नाडी एकशे दहा. सोलापुरात वॉर्ड सांभाळायचा तर तेलुगूतलं 'नोप्पी' आणि कन्नडमधलं 'नोवू' यावंच लागतं. त्याच्या आईला 'नोप्पी' म्हणून विचारलं, तर ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चादर बदलायला घेतली तर घडीतून कागदात बांधलेल्या दुखण्याच्या चार गोळ्या पडल्या. कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, गोळ्यांनी टाके कच्चे राहतात.

टाके कच्चे राहत नाहीत. उलट दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ छातीत साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. दुखतं म्हणून पलंगावरून उतरत नाही. पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्याला गोळी दिली, पाऊणएक तास जाऊ दिला. मग पोटाशी उशी घट्ट धरायला लावून खोकायला सांगितलं, आणि ते तीन चेंडूंचं श्वासाचं खेळणं हातात दिलं; श्वास खोल आत ओढला की चेंडू वर जातात. सकाळी एकही चेंडू हलत नव्हता. संध्याकाळी दोन वर गेले. "आता किती?" तर म्हणाला, "दुखालंय, पण चार." हा 'चार' आम्हाला 'बरं हाय'पेक्षा कितीतरी उपयोगी. दुखणं किती हे ज्याचं त्यानंच सांगायचं असतं. लहान मुलांसाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता असतो, तोही याच कामाचा.

सवयीचं म्हणाल तर पॅरासिटामॉलचं व्यसन लागत नाही. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांची लागू शकते, म्हणूनच तर ते कुलूप आणि रजिस्टर. पण कॅन्सरच्या पेशंटला ती भीती दाखवून कळवळत ठेवणं हा शुद्ध दुष्टपणा. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 सालीच कॅन्सरच्या दुखण्यासाठी साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंतच्या पायऱ्या आखून दिल्या आहेत. खरा धोका मेसेजमध्ये नाहीच: मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाणं. त्या पोटाला आणि किडनीला भोवतात.

राहिलं रात्री उठवणं. हो, उठवतो. ऑपरेशननंतर बीपी बघावं लागतं, आठ तासांचं अँटिबायोटिक रात्रीही चुकवता येत नाही, आणि जागचं हलता न येणाऱ्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवलं नाही तर पाठीला जखमा होतात. पण या मुद्द्यात निम्मं तथ्य आहे, तेही सांगते. ट्रॉलीचं चाक किंचाळतं, कुणीतरी सगळ्या ट्यूबलाइट एकदम लावतं, ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देताना आमचेच आवाज चढतात. जमेल तिथे आम्ही बीपी, ताप, इंजेक्शन एकाच फेरीत उरकतो, टॉर्चवर काम करतो, मे महिन्यात चाळीसच्या वर पारा गेला की कपाळावर ओला रुमाल ठेवतो, आणि नातेवाइकांना मोबाइलचे व्हिडिओ बंद करायला सांगून शिव्या खातो.

सरकारनं तसं जाहीर केलं असेल तर रुग्णालयाभोवतालची किमान शंभर मीटर जागा कायद्यानं शांतता क्षेत्र असते. तिथे रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा 40 डेसिबल. आपल्याकडे वर्षभर कुणाची ना कुणाची मिरवणूक असते, आणि डॉल्बी लागला की वॉर्डाच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. मेसेज पाठवणाऱ्या आमच्या भिशीतल्या वहिनींच्या स्टेटसला मागच्या मिरवणुकीचा व्हिडिओ आहे. त्यात मागे दवाखान्याची पाटी स्पष्ट वाचता येते.