‘मुंबईत सायकलला मागचा लाइट कशाला?’ या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज सोसायटीच्या आणि सायकलवाल्यांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईच्या रस्त्यांवर दिवे असतात, त्यामुळे सायकलला रिफ्लेक्टर पुरतो. दोन-तीनशे रुपयांचे लाइट म्हणजे खेळणी, पहिल्या पावसात बंद पडतात. घ्यायचाच तर हजारोंचा घ्या, आणि सगळ्यात जोरात लुकलुकता ठेवा.

आमच्याकडे पहाटे पेपर टाकणाऱ्यानं मला तो दाखवला आणि म्हणाला, “दादा, हजारांचा लाइट कुठून आणू? रिफ्लेक्टर आहे ना मागे.” हा माणूस चार वाजता अंधारात एलबीएस रोडवरून येतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी रिफ्लेक्टर. तो असायलाच हवा, सरकारनं २०२० च्या आदेशानं सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी दर्जाचा नियमही केला आहे. पण रिफ्लेक्टर स्वतः उजळत नाही. प्रकाश ज्या दिशेनं आला त्याच दिशेला तो परत फेकतो. म्हणजे मागच्या गाडीचा हेडलाइट थेट त्याच्यावर पडला, तरच त्या चालकाला तो चमकताना दिसतो. खांबावरच्या दिव्याचा काही उपयोग नाही, कारण तो उजेड वरून येतो. डावीकडच्या गल्लीतून वळणाऱ्या रिक्षाचा झोत वळण पूर्ण होईपर्यंत तुमच्याकडे नसतोच. आणि पावसाळ्यात चाकानं उडवलेला चिखल सगळ्यात आधी बसतो तो मडगार्डवरच्या रिफ्लेक्टरवर.

रस्त्यावर दिवे असतात हे खरं, पण सलग नसतात. उड्डाणपुलाखाली, मेट्रोच्या खांबांच्या सावलीत, पत्रे लावून अरुंद केलेल्या लेनमध्ये, आरेच्या झाडांखाली काळ्या रेनकोटातला सायकलवाला दिसेनासा होतो. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे ओल्या काचेवर पसरले की आणखीच. ताशी ५० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे येते. चालकाला तुम्ही दिसल्यावर त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर त्यापुढे मोजायचं.

आता स्वस्त लाइटचा मुद्दा. इथे मेसेज अर्धा खरा आहे, त्यामुळेच जास्त फसवतो. स्वस्त लाइट बंद पडतात, पण बहुतेक वेळा त्यातला एलईडी जात नाही. जातो तो पट्टा, रबराचं झाकण आणि बॅटरीचे पॉइंट. माझा पहिला लाइट भांडुपला एका खड्ड्यात गेला. लाइट शाबूत होता, त्याला धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटली होती. दुसऱ्याच्या स्प्रिंगवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता, तो पांढऱ्या व्हिनेगरनं पुसून वाळवल्यावर लाइट पुन्हा लागला. म्हणून दुकानात लाइट किती झगमगतो ते नंतर बघा. आधी क्लिप हातानं ताणून बघा. चार्जिंगच्या खाचेवरचं रबर घट्ट बसतं का ते बघा. खोक्यावर आयपीएक्स-४ लिहिलं असेल तर सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी त्यानं सोसायला हवं. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्याला पावसासाठी चार पुरे, फक्त भिजलेला लाइट लगेच चार्जिंगला लावू नका, खाच आधी कोरडी होऊ द्या.

बॅटरीचं म्हणाल तर घड्याळात असतात तसल्या बटण-सेलचे छोटे लाइट मी कुणाला सुचवत नाही. ते हळूहळू मंद होत जातात आणि लक्षातही येत नाही. रोज घरी चार्ज करणं जमत असेल तर यूएसबीचा घ्या. आमच्या पेपरवाल्याला मी पेन्सिल सेलहून बारीक, ट्रिपल-ए सेलचा घ्यायला सांगितला, कारण सेल संपला तर नाक्यावरच्या किराणा दुकानात मिळतो.

हजारोंच्या लाइटला माझा खरा आक्षेप वेगळा आहे. पुढचा दिवा गेला तर लगेच कळतं. मागचा लाइट मात्र आपल्याला चालवताना दिसतच नाही. विक्रोळीला विझला तर घरी पोचल्यावर कळणार. लाइट कितीही महाग असला तरी हे बदलत नाही. म्हणून त्याच पैशात, किंवा खूप कमी पैशात, दोन साधे लाइट लावा. एक गेला तरी दुसरा असतो.

आणि जागा! याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. पेपरवाल्याचा लाइट सीटखालच्या दांड्यावर होता. कॅरिअरवर गठ्ठे चढले की तो पूर्ण झाकला जायचा. सॅक लोंबत असली, रेनकोटचा घेर खाली आला, तरी हेच होतं. आम्ही तो कॅरिअरच्या अगदी मागच्या टोकाला दोन केबल टायनं बांधला. मग गठ्ठे चढवून, सायकल फाटकाशी उभी करून पन्नास पावलं मागे गेलो, वाकून गाडीच्या चालकाच्या उंचीवरून पाहिलं. लाइट जमिनीकडे झुकलेला होता, तो सरळ केला. मग बाजूला जाऊन पाहिलं, कारण गल्लीतून येणाऱ्यालाही तो दिसला पाहिजे.

राहिला लुकलुकण्याचा मुद्दा. लुकलुकता लाइट लक्ष चटकन वेधतो, हे मान्य. गाड्यांच्या लाल दिव्यांच्या गर्दीत तो वेगळा ओळखू येतो. पण नुसता लुकलुकणारा ठिपका किती दूर आहे याचा अंदाज बांधणं कठीण जातं. देशोदेशीचे नियमही सारखे नाहीत: जर्मनीत सायकलचा लुकलुकता मागचा लाइट चालत नाही, ब्रिटनमध्ये २००५ पासून चालतो, तोही मिनिटाला ६० ते २४० वेळा या मर्यादेत. मी एक लाइट सलग आणि एक संथ लुकलुकता ठेवतो. सगळ्यात जोरातला मोड ट्रॅफिकमध्ये मागच्या बाइकवाल्याच्या डोळ्यांवर येतो, आणि डोळे दिपलेला माणूस आपल्या मागे असणं चांगलं नाही.

पेपरवाल्यानं दुसरा लाइट परवा घेतला. तो सीटखालीच आहे, गठ्ठे वाटून संपल्यावर परतीच्या वाटेवर दिसण्यासाठी.